लेटाबाईंविरुद्ध अर्ज

अर्जदार : मी स्वतः, तहसील कार्यालयासमोरील कडुनिंबाखाली अर्ज लिहिणारा, शिक्षण नववी पास, दहावीचा अभ्यास पूर्ण, परीक्षा बाकी. गैरअर्जदार : आमच्या सरकारी रुग्णालयातील माजी डॉक्टरबाई, मूळ राहणार राजुरा, हल्ली मुक्काम एटापल्ली, ज्यांस संपूर्ण तालुका लेटाबाई या नावाने ओळखतो. घटनास्थळ : नागभीडच्या पुढे असलेल्या आमच्या गावचा तलाव. साक्षीदार : माझी धाकटी बहीण शेवंता, तिचे पती मारोती, मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष तुळशीराम भाऊ, व त्या त्या वेळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हजर असलेले समस्त ग्रामस्थ. दिनांक : गेल्याच्या आधीच्या धान कापणीपासून आजतागायत. तक्रारीचे स्वरूप : मोठा उपकार करणे आणि त्याचे फळ न पाहता निघून जाणे.

तक्रार समजण्यासाठी गैरअर्जदारांची ओळख असणे जरूर आहे. बाईंचा पहिला शब्द नेहमी एकच असे : "लेटा." आमच्याकडे लेटणे म्हणजे आडवे होणे. दम लागतो म्हणून कोणी आले की बाकीचे डॉक्टर त्याला स्टुलावर बसवून नळी छातीला लावीत. बाई त्याला आधी टेबलावर आडवे करीत, सदरा वर सारायला सांगत, आणि मग टेबलाच्या पायथ्याशी उभ्या राहून, गुडघ्यात वाकून, गवंडी भिंतीची रेघ पाहतो तशी एक डोळा बारीक करून त्याच्या पोटाकडे पाहत. बोलणे त्या ऐकत, पण नजर पोटावरून हलवीत नसत. "तोंड काय, काही बी सांगते भाऊ," त्या म्हणत. "पोटाले लबाडी करता येत नाई."

एकदा जंगलखात्याचा एक गार्ड दम लागतो म्हणून आला. बाईंनी नेहमीप्रमाणे लेटवले. वाकून पोट पाहीपर्यंत तो गडी घोरू लागला. रांगेतल्या लोकांनी गलका केला, तेव्हा बाईंनी सर्वांना हाताने चूप केले. "पोटाचा पडदा मस्त चालू हाय याचा. याले रोग नाई, झोप नाई. वाघाच्या मागं फिरून राह्यला बिचारा. झोपू द्या, दुसऱ्या टेबलावर या." तो उठला तेव्हा दुपार कलली होती. कागदावर बाईंनी औषधाच्या जागी 'विश्रांती' एवढेच लिहिले होते. तो गार्ड आजही रस्त्यात भेटला की त्या झोपेची आठवण काढतो.

दुसऱ्यांना लेटवणाऱ्या ह्या बाईंना बसलेले मात्र कोणी पाहिले नाही. त्यांच्या खुर्चीवर पेशंटांच्या पिशव्या असत. चहा उभ्याने, डबा खिडकीशी उभ्याने. पांढऱ्या कोटाच्या एका खिशात भाजलेले शेंगदाणे असत आणि दुसऱ्यात नळी. गर्दीच्या दिवशी नळीच्या जागी शेंगदाणे हाती येत. मी एकदा अदबीने म्हटले, "मॅडम, आपण स्थानापन्न व्हावे." त्या म्हणाल्या, "अर्जवाले भाऊ, मी बसली का कंबर जाम होते. मंग मले उठवाले तुम्हाले अर्ज लिहा लागन." आणि त्या हसल्या. बाईंचे हसणे औषधाच्या खिडकीपर्यंत ऐकू जाई व तिथले लोक कारण न कळता हसत.

पोट पाहण्याची ही विद्या त्या मोठ्या कॉलेजात शिकल्या असतील असे मला वाटे. विचारल्यावर त्यांनी वेगळेच सांगितले. राजुऱ्याकडे त्यांचे वडील कोळसा खाणीत कामाला होते. पाळी करून ते घरी येत व जेवून उताणे झोपत. तेव्हा ह्या भावंडांनी त्यांच्या पोटावर काचेची गोटी ठेवायची. श्वासासरशी गोटी वर चढायची, खाली उतरायची. ज्याच्या हातून गोटी घरंगळेल त्याने सर्वांसाठी पाणी भरायचे. "आमचे बाबा जागेच राहत," बाई म्हणाल्या. "मले मागाहून समजलं. मी गोटी ठेवली का ते श्वास हळूच घेत, नाई पडू देत. लाडकी होती ना मी!"

आता मूळ प्रकरणाकडे वळतो.

आम्ही ढिवर समाजाचे लोक. उन्हाळ्यात तलावाचे पाणी उतरले की गावाचे मोठे जाळे पडते. जाळ्याचे एक टोक काठाने चालते. दुसरे टोक घेऊन एक माणूस छातीभर पाण्यातून मोठा वळसा घालतो. त्याला आम्ही खोल टोक म्हणतो. ते धरणारा न थांबता चालला पाहिजे. तो थांबला तर जाळे सैल पडते आणि मरळ, रोहू सगळे निघून जातात. ह्या टोकासाठी निवडणूक नसते. जुना धरणारा स्वतः पाळीवर उभा राहून नव्याच्या हातात ते देतो. पण धरणाऱ्याने टोक पाण्यात सोडले, आणि असे पुन्हा पुन्हा झाले, तर ते त्याच्या घरातून जाते व पुन्हा येत नाही. मारोतराव म्हणजे आमचे जावई. त्यांच्या वडिलांनी हे टोक त्यांच्या हाती दिले होते. गावात त्यांची ओळखच ती होती. शेवंताच्या लग्नाची बोलणी चालली तेव्हा मुलाकडे शेती किती हे आमच्या वडिलांनी विचारले नाही. खोल टोक धरतो म्हटल्यावर त्यांनी सुपारी फोडली.

वरील धान कापणीच्या आधीच्या उन्हाळ्यात मारोतरावांनी टोक पाण्यात सोडले. पाणी छातीला लागताच ते तोंड उघडून धापा टाकत काठाला आले. पुढच्या खेपेस पुन्हा तेच. "कोणीतरी आतून दाबते," एवढेच ते सांगत. पाळीवर चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे पाण्याने धरले, कोणी म्हणे सकाळीच घेतली असेल. तलावाला नारळ फोडला, उपयोग झाला नाही. तुळशीराम भाऊ तर सर्वांदेखत म्हणाले, "जवाई, भेव वाटत असन तं सांग ना बा! कमरेभर पाण्याचं काम देऊ तुले, बायांच्या संगं झिंगे वेच." लोक हसले. मारोतराव हसले नाहीत. भाऊंनी पुढे असेही सांगितले की येत्या उन्हाळ्यात पुन्हा टोक सुटले तर ते दुसऱ्या घरी जाईल.

घरची स्थिती तर गावाला ठाऊकच नव्हती. मारोतरावांना आडवे होता येत नव्हते. धानाचे पोते कवटाळून, बसल्या बसल्या ते डोळा लावीत. शेवंता मला म्हणाली, "दादा, माह्या घरात माणूस नाई झोपत, पोतं झोपते." खाजगी दवाखान्यात दम्याचा पंप दिला, गुण आला नाही. चंद्रपूरला हृदय तपासले, हृदय उत्तम निघाले. छातीचा फोटो काढताना तिथला माणूस ओरडला, "श्वास जोरानं घ्या ना, घेऊनच नाई राह्यले तुम्ही!" आणि फोटोसोबतच्या कागदावर तसेच लिहून आले की रुग्णाने श्वास पुरता घेतलेला नाही. अशा रीतीने आमचे जावई पाण्यात भित्रे आणि जमिनीवर कामचुकार ठरले.

ह्या सर्व बाबींचा साकल्याने विचार करून मी असा निष्कर्ष काढला की दोष तलावाच्या पाण्यात आहे. धान कापणी उरकताच मी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे सविस्तर अर्ज तयार केला, आणि त्यास वैद्यकीय दुजोरा मिळावा म्हणून मारोतराव व शेवंता यांना घेऊन बाईंपुढे उभा राहिलो. अर्ज मी मोठ्याने वाचू लागलो. बाईंनी थोडा वेळ ऐकले.

"अर्जवाले भाऊ, अर्ज कोणाच्या विरोधात हाय?"

"सदर तलावाच्या, मॅडम."

"तलाव हजर हाय का इथी?"

"नाही."

"मंग जे हजर हाय त्याले लेटवा."

मारोतराव दोन पावले मागे सरले. "बाई, लेटलो तं मरतो मी."

"मी उभी हाव ना! मरू देते का तुम्हाले? जरासंच. हात धरा माहा."

त्यांनी हात धरला आणि ते आडवे झाले. बाई वाकल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पिशवीत शिक्का असन ना? द्या." मी माझा लाकडी मुठीचा रबरी शिक्का दिला. तो त्यांनी मारोतरावांच्या बेंबीच्या वर उभा ठेवला. "घ्या श्वास." मारोतरावांनी श्वास घेतला, मान ताणली, खांदे उचलले, आणि शिक्का खाली बुडाला. श्वास सोडला तेव्हा वर आला. मी स्वतःच्या पोटाला हात लावून पाहिला. माझे उलट होत होते, म्हणजे बरोबर होत होते.

बाईंनी लगेच त्यांना उठवून बसवले, पाठीवर हात ठेवला, आणि प्रश्न सुरू झाले. पाणी गुडघ्याला असले की त्रास होतो का? कमरेला? छातीलाच का? यापूर्वी इतक्या ठिकाणी इतके पैसे मोडून गेलो, पण तलावाचे पाणी कुठवर आले की दम लागतो हे कोणी विचारले नव्हते. पुढे त्यांनी विचारले, "हे सुरू व्हायच्या आधी खांदे दुखले होते का?" शेवंता एकदम बोलली, "हो बाई! ताप आला, अन् मंग दोन्ही खांदे असे दुखले का गडी रडला. मग आपोआप राह्यलं."

बाईंनी टाळी वाजवली. "तलाव निर्दोष हाय, भाऊ! फाडा तो अर्ज!"

मग त्यांनी समजावून सांगितले. ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत नमूद करतो. "छाती अन् पोटाच्या मधात एक पडदा असते, उपड्या टोपल्यावानी. आपण श्वास घेतला का तो खाली जाते, अन् पोट वर येते. त्या पडद्याले मानेतून नस येते. तापानंतर त्या नसा बिघडल्या असतील. पडदा लुळा पडला, म्हणून श्वास घेतला का पोट आत जाऊन राह्यलं. उभं असलं तं पोटाचा भार खाली लोंबते, कसंतरी भागते. लेटलं का सारा भार पडद्यावर. अन् छातीभर पाण्यात गेलं तं तलाव चहूकडून पोट दाबते. हा माणूस भेला नाई. ह्याच्या जागी वाघ असता तरी काठाले आला असता."

चंद्रपूरचा फोटो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. पडद्याच्या दोन्ही बाजू वर चढलेल्या होत्या. "श्वास घेतला नाई असं लिवलं यायनं. घेता आलाच नाई त्याले." मारोतरावांनी तेव्हा तोंड भिंतीकडे केले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. खिशातून शेंगदाणे काढून त्या माझ्याशी उगाच हवापाण्याचे बोलत राहिल्या, ते तोंड पुसून वळेपर्यंत.

"पण निस्तं पोट पाहून मी निकाल देत नसतो," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीचे डॉक्टर रुग्णालयात येणार होते. ते येत फक्त गरोदर बायांसाठी. त्या रांगेत, बाकावर, दोन पोटुशा बायांच्या मध्ये आमचे जावई बसले. एका म्हाताऱ्या सासूने विचारले, "कितवा महिना हाय गा?" मारोतराव म्हणाले, "मावशी, सातवा लागला असन," आणि कैक महिन्यांनी शेवंताने नवऱ्याला थट्टा करताना पाहिले. सोनोग्राफीचे डॉक्टर आधी नाराज होते. बाई उभ्याच होत्या, त्या हलेनात. शेवटी त्या डॉक्टरांनी यंत्र मारोतरावांच्या बरगडीखाली लावले. बाई म्हणाल्या, "आता नाकानं जोरात हुंगा. समजा चुलीवर सुकट भाजून राह्यली." ढिवराला याहून सोपी आज्ञा नाही. मारोतरावांनी हुंगले. यंत्राच्या काचेवरची पांढरी रेघ खाली जायची ती वर गेली. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "परत हुंगा." दुसरी बाजूही तशीच. ते बाहेर येऊन बाईंना म्हणाले, "मॅडम, आणखी असा कोणी असला तर आणत जा." नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात मग नळीत फुंकायची चाचणी झाली. बसून फुंकले तर बरे, निजून फुंकले तर फारच थोडे. बाईंचे निदान तंतोतंत खरे ठरले. मारोतरावांना झोपताना नाकावर लावायचे यंत्र मिळाले. नस हळूहळू परत जागी होऊ शकते, वेळ लागेल, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

निदान झाले, पण गावचा निकाल बाकी होता. उन्हाळा जवळ येत होता आणि खोल टोकाचा प्रश्न उभा होता. मी संस्थेकडे लेखी खुलासा देणार होतो. बाई म्हणाल्या, "लिहू नका, मी येतो." आठवडी बाजाराच्या दिवशी त्या आमच्या गावी आल्या. चहाच्या टपरीपुढे संस्थेची माणसे जमलेली होती. बाईंनी तुळशीराम भाऊंकडे बोट दाखवले.

"अध्यक्ष, लेटा."

"मले काय झालं, बाई?"

"काही नाई झालं म्हणूनच लेटा."

अध्यक्ष टपरीच्या बाकावर आडवे झाले. बाईंनी चार तगड्या माणसांना बोलावून त्यांचे पंजे अध्यक्षांच्या पोटावर ठेवायला लावले. "दाबा. आता श्वास घ्या, अध्यक्ष." भाऊंचा चेहरा लाल झाला. "हे चार हात म्हणजे तलाव," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या. "तुमचा पडदा धडधाकट हाय, तरी तुम्ही डोळे फाडून राह्यले. जवायाचा पडदा लुळा. अन् असा तो जाळं घेऊन चालला. मले सांगा, भित्रा कोण?" भाऊ हातांखालून कसेबसे म्हणाले, "उचला रे, उचला, समजलं मले!" टपरी हसून हसून लोळली. उठल्यावर भाऊंनी धोतर झटकले आणि सर्वांदेखत मारोतरावांना म्हणाले, "जवाई, मी बोललो ते वापस घेतो. खोल टोक तुहंच हाय. तोवर माहा पोरगा धरन, पण तुह्या नावानं." आमच्या गावात अध्यक्षाने बोललेले वापस घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

त्याच उन्हाळ्यात बाईंची बदली एटापल्लीला झाली. बदली रद्द व्हावी म्हणून मी सह्यांसह अर्ज तयार केला. आजवरच्या माझ्या अर्जांत तो सर्वांत उत्तम होता. बाईंनी तो पुरता वाचला, उभ्यानेच, आणि मला परत दिला. "लई सुंदर लिवलं, भाऊ. पण तिथीबी पोटं हायेत ना." सत्कार त्यांनी घेतला नाही. जाताना मारोतरावांच्या पोटावर त्यांनी हात ठेवला. ते अजून उलटेच चालत होते. "येईन ते बळ. गवताच्या मुळीवानी सरकते नस, दिसत नाई. आलं का मले सांगा." मग त्या जीपमध्ये चढल्या. जीप वळणाआड जाईपर्यंत त्यांचे हसणे ऐकू येत होते.

ते बळ आले. कधी आले हे कोणाला कळले नाही. दिवाळीनंतर एका दुपारी शेवंता शेतावरून परतली, तो मारोतराव अंगणात बाजेवर सपाट उताणे. यंत्र नाही, पोते नाही. एवढ्या दिवसांत तिने नवऱ्याला घरी असे निवांत आडवे पाहिले नव्हते. तिने जी किंकाळी फोडली ती तळ्याच्या पल्याड ऐकू गेली. आळीच्या बाया धावल्या, तुळशीराम भाऊ अर्धी दाढी करून धावले, मीही योगायोगाने तिथेच होतो. कोणी पाणी आणा म्हणाले, कोणी रडूही लागले. तेवढ्यात मारोतराव उठून बसले आणि डोळे चोळत म्हणाले, "कोण मेलं?" शेवंताने त्यांना आधी दोन धपके घातले आणि मग त्यांच्या पायाशी बसून मोकळेपणाने रडली, हसली. मी तत्काळ पिशवीतून शिक्का काढला, त्यांना परत लेटवले आणि पोटावर ठेवला. शिक्का वर चढला. अंगणातल्या सगळ्या माणसांनी एकदम, मोठ्याने श्वास घेतला.

त्याचा फोटो आम्ही बाईंना पाठवला. पुन्हा पाठवला. जंगलात नेटवर्क नसते हे अर्जदारास मान्य आहे; परंतु उत्तर नाही ही वस्तुस्थिती आहे. दरम्यान नागपूरच्या डॉक्टरांनी पाण्यात उतरण्यास परवानगी दिली. मारोतराव आधी कमरेभर गेले, मग छातीभर, आणि तिथे उभे राहून त्यांनी पाळीवरच्या लोकांना हात केला. पाणी आता उतरू लागले आहे. तुळशीराम भाऊंच्या मुलाने खोल टोक आणून पाळीवर ठेवले. मारोतरावांनी ते उचलले नाही. भाऊ म्हणाले, "आता काऊन थांबला, जवाई?" मारोतराव म्हणाले, "बाई पाह्यजेत. त्यायनं खाली जाताना पाह्यलं माह्या पोटाले, वर येताना नाई पाह्यलं."

सबब विनंती की, गैरअर्जदारांनी ह्या अर्जाची दखल घेऊन एका दिवसाची रजा काढावी आणि मोठे जाळे पडेल त्या दिवशी तलावाच्या पाळीवर समक्ष हजर राहावे. त्या सर्व काही उभ्यानेच पाहतील हे ठाऊक असल्याने त्याबाबत आग्रह नाही. परंतु जाळे काठाला लागल्यावर पाळीवरच्या आंब्याखाली टाकलेल्या बाजेकडे बोट दाखवून सर्व साक्षीदार त्यांना एकमुखाने "लेटा" असे सांगतील, आणि मरळ शिजेपर्यंत त्यांना उठू दिले जाणार नाही, याची नोंद घ्यावी. शिक्का अर्जदार सोबत आणील. कोणता दिवस सोयीचा ते लेखी, तोंडी अथवा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कळवावे. उत्तर येईपर्यंत खोल टोक त्या बाजेच्या पायाला बांधून ठेवले आहे, व त्याला कोणी हात लावणार नाही.

आपला नम्र,
अर्जदार